ठिगळाच्या दोन कडा

टायरमध्ये हवा भरायच्या तोंडावर एक टोपी असते, करंगळीच्या नखाएवढी. ती दोन बोटांत धरायची आणि डावीकडे फिरवायची की निघते. कुणालाही जमेल असे काम. पण त्या सकाळी, डोंगराच्या पायथ्याशी पाण्याच्या टाकीजवळच्या मोकळ्या जागेत, मास्तर इटालियन गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते आणि ती टोपी काही केल्या निघत नव्हती.

हे मास्तर शाळेतले नव्हते. गाड्यांची परीक्षा घेणाऱ्या एका मासिकात ते सव्वीस वर्षे काम करत होते. नवी गाडी चालवायची आणि ती कशी आहे ते वाचकांना सांगायचे. पण समजावून सांगायची त्यांना भारी हौस. वळण घेताना बाहेरचे चाक जास्त का फिरते, हे त्यांनी ऑफिसच्या हिशेबनिसाला एकदा दोन बशा आणि एक पट्टी घेऊन समजावले होते. हिशेबनिसाने विचारले नव्हते तरी. तेव्हापासून मास्तर हेच नाव पडले.

त्या दिवशी परीक्षेला तीन गाड्या होत्या. तिन्ही महागड्या, तिन्ही चार दारांच्या, एकाच वर्गातल्या. दोन जर्मन आणि एक इटालियन. मासिकाच्या फोटोवाल्याने नेहमीप्रमाणे त्यांना आल्या आल्या नावे ठेवली होती. मऊ, रुंद, आवाज न करणारी जर्मन ती ‘सोफा’. दुसरी जर्मन चटपटीत, सगळे जिथल्या तिथे, म्हणून ती ‘ऑफिसर’. इटालियनला मात्र त्याने नुसते ‘बाईसाहेब’ म्हटले, कारण तिचा पुढचा भाग लांब होता, दिवे बारीक होते आणि ती उभी असतानाही जरा रागावल्यासारखी दिसायची.

परीक्षेचा पहिला नियम असा की कुणीही गाडी चालवायला बसण्याआधी बाराही टायरांची हवा मोजायची. हवा कमीजास्त असेल तर गाडीचा स्वभावच बदलतो. मग आपण गाडीला नाही, हवेला गुण देतो. हा नियम मास्तरांनीच घातला होता आणि मोजायचे कामही त्यांनी कधी दुसऱ्याला दिले नव्हते.

दोन्ही जर्मन गाड्यांच्या टोप्या प्लास्टिकच्या, खाचा असलेल्या होत्या. त्या मास्तरांनी तळहाताने दाबून, घासून, कशाबशा फिरवल्या. इटालियनच्या टोप्या धातूच्या होत्या. गुळगुळीत, आणि कुणीतरी घट्ट आवळलेल्या. मास्तर अंगठा आणि तर्जनी टोपीवर ठेवत होते, फिरवत होते, आणि बोटे नुसतीच घसरत होती. घसरताहेत हेसुद्धा त्यांना डोळ्यांनी बघावे लागत होते.

गेल्या दीड वर्षात असे झाले होते. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. मग पातळ हातमोजे घातल्यासारखे वाटू लागले. मग हातमोजे जाड होत गेले. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, सुया लावून पाहिल्या आणि सांगितले, “बरीच वर्षं रक्तात साखर होती, त्यात नसा गेल्या. उरलेलं सांभाळायचं. गेलेलं परत येत नाही.” मास्तरांनी विचारले, “थोडंसं?” डॉक्टर म्हणाले, “थोडंसंही नाही.” ही गोष्ट घरी बायकोला ठाऊक होती. ऑफिसात कुणालाच नाही.

“मास्तर!” फोटोवाला कॅमेऱ्याचे पाय रोवत ओरडला. “बाईसाहेबांच्या पाया पडून झालं असेल तर निघू या का? उजेड जातोय माझा!”

मासिकाची संपादक वही घेऊन उभी होती. तिनेही मान वळवून इकडे पाहिले.

टोपी काढून दे, असे कुणालाही म्हणता आले असते. पण मग कुणीतरी विचारले असते, बोटांना काय झाले? मास्तर उठले, गुडघे झटकले, आणि हवेच्या नोंदीच्या तक्त्यावर इटालियन गाडीच्या नावापुढे लिहिले : चारही ठीक.

सव्वीस वर्षांत न मोजता लिहिलेला तो पहिला शब्द.

परीक्षेचा रस्ता ठरलेला होता. डोंगर चढत जाणारी नऊ वळणे, वर बंद पडलेली खाण, तिथून मागे. त्यातले सातवे वळण महत्त्वाचे. कधीकाळी तिथे रस्ता आडवा खणून पाण्याचा पाइप टाकला होता आणि वर वेगळे डांबर ओतले होते. दोन पावले रुंदीचे ते ठिगळ. त्याची अलीकडची कड झिजून मऊ झाली होती, पलीकडची अजून टोकदार होती. गाडी वळत असताना चाके ठिगळावर चढतात आणि उतरतात. स्टिअरिंग चांगले असेल तर त्या दोन्ही कडा तुमच्या बोटांना वेगवेगळ्या कळतात, आधी मऊ आणि मग टोकदार. स्टिअरिंग मुके असेल तर काहीच कळत नाही, किंवा एकच धक्का कळतो.

संपादक अकरा वर्षांपूर्वी नवशिकी म्हणून मासिकात आली, तेव्हा मास्तरांनी तिला या वळणावरून एका दिवसात चाळीस वेळा नेले होते. ती स्टिअरिंगचे चाक मुठीत आवळायची. “मूठ नको,” मास्तर म्हणायचे. “बाळाला आंघोळ घालताना मान कशी धरतो? सुटू द्यायची नाही आणि दाबायचीही नाही. तसं धर. आता सांग, किती कडा?” ती म्हणायची, एक. “परत.” पुन्हा एक. मास्तर चिडले नाहीत. अडतिसाव्या फेरीला ती म्हणाली, “दोन! मास्तर, दोन आहेत! दुसरी टोचते!” मास्तरांनी गाडी थांबवायला लावली आणि खिशातले चॉकलेट तिला दिले. त्यानंतरच्या दोन फेऱ्या खात्री करायला.

दुसरा नियमही मास्तरांचाच. आधी शब्द, मग आकडा. गाडीतून उतरल्यावर कुणी कुणाशी बोलायचे नाही. प्रत्येकाने कार्डावर त्या गाडीच्या स्टिअरिंगसाठी एकच शब्द लिहायचा आणि कार्ड उलटे ठेवायचे. आकडे मागाहून इकडेतिकडे सरकतात, शब्द सरकत नाही, असे ते म्हणायचे.

त्या दिवशी तिघांनीही तिन्ही गाड्या चालवल्या. फोटोवाला साडेसहा फूट उंच होता म्हणून मागच्या सीटची परीक्षा त्याच्याकडे असायची. स्टिअरिंगचे मत त्याला कुणी विचारत नसे, तरी तो कार्ड भरायचाच.

सोफा डोंगर चढली ती आतल्या माणसांना न सांगताच. खिडक्या बंद केल्या की बाहेरचे जग दूर कुठेतरी राहायचे. ऑफिसर वळणावर नेमकी जिथे सांगावी तिथे जायची, एक बोटभरही इकडे नाही की तिकडे नाही, आणि पुढचा टचस्क्रीनचा पडदा एवढा मोठा आणि शहाणा की गाडी चालवणाऱ्यालाच जरा वरचढ वाटायची.

मग इटालियन. हिची रचनाच वेगळी होती. इंजिन पुढच्या चाकांच्या मागे सरकवलेले, त्यामुळे वजन पुढे निम्मे, मागे निम्मे, तराजूच्या दोन पारड्यांसारखे. जोर मागच्या चाकांना, म्हणजे पुढच्या चाकांना वळण्याशिवाय दुसरे काम नाही. आणि स्टिअरिंग एवढे चपळ की इतर गाड्यांत जिथे हात अर्धा फिरवावा लागतो तिथे हिला पाव पुरतो. मास्तरांनी हीच गाडी दोन वर्षांपूर्वी चालवली होती, बोटे शाबूत असताना. तेव्हा त्यांनी लिहिले होते की हे स्टिअरिंग बोलतं. वाचकांची पत्रे आली होती त्यावर.

आता मास्तर सातव्या वळणावर आले. त्यांनी चाक तसेच धरले, बाळाची मान धरावी तसे. ठिगळ आले आणि गेले. खांद्यात काहीतरी हलले, पाठीला काहीतरी लागले. बोटांत काहीही नाही. हात चाकावर आहेत हे दिसत होते, एवढेच.

खाली येऊन त्यांनी कार्डावर लिहिले : बोलतं.

टाकीच्या कठड्यावर तिघांनी उलटी ठेवलेली कार्डे सरळ केली. फोटोवाल्याने सोफासाठी ‘झोप’, ऑफिसरसाठी ‘टाय’ आणि इटालियनसाठी ‘गुडघे’ लिहिले होते.

“हा स्टिअरिंगचा शब्द आहे?” संपादक म्हणाली.

“मागे बसल्यावर माझे गुडघे स्टिअरिंगपर्यंत जातात, म्हणून.”

जर्मन गाड्यांवर मास्तरांचे आणि संपादकचे शब्द फारसे वेगळे नव्हते. मग संपादकचे तिसरे कार्ड पाहिले. त्यावर लिहिले होते : बिथरलेलं.

“बिथरलेलं?” मास्तर म्हणाले.

“हो ना. मलाच कळेना. सरळ रस्त्यावरसुद्धा स्वस्थ नाही. आणि ठिगळावर तर हाताला लाथच बसली, मास्तर. कडा मोजायला वेळच दिला नाही तिनं.” तिने मग मास्तरांचे कार्ड उचलले. वाचले. पुन्हा वाचले. “तुम्हाला बोललं?”

“बोललं की. दोन वर्षांपूर्वी बोललं होतं तसंच.”

“दोन कडा?”

“दोन.”

“शिकवणी कमी पडली हो संपादक,” फोटोवाला म्हणाला. “बसा परत, चाळीस फेऱ्या.”

ती हसली नाही. तिने आपले दोन्ही हात पालथे करून पाहिले, मग उताणे. “सकाळपासून तिन्ही गाड्या चालवून हात बधिर झाले असतील माझे,” ती म्हणाली. “नाहीतर एवढी मोठी चूक कशी होईल? लाथ आणि बोलणं यातला फरक कळू नये मला?” आणि मास्तर बघत असतानाच तिने पेन काढले, ‘बिथरलेलं’वर रेघ मारली, खाली ‘बोलतं’ लिहिले, आणि पुढे आकडा टाकला, नऊ.

“शब्द बदलायचा नसतो,” मास्तर म्हणाले. आवाज त्यांनाच परका वाटला.

“तुमचे हात आणि माझे हात यांत निवडायचं असेल तर मी काय निवडू?” ती म्हणाली. “चला, ऊन वाढलं.”

परत जाताना लाथ हा शब्द मास्तरांच्या डोक्यातून जाईना. गाडी ठिगळावर लाथ कधी मारते? टायर दगडासारखे असतील तर. आणि टायर दगडासारखे कधी असतात? त्यांना उत्तर ठाऊक होते, हे तर त्यांनी कितीजणांना समजावले होते. नव्या गाड्या ट्रकवर लादून दूरवरून येतात, दिवसेंदिवस एकाच जागी उभ्या राहतात. टायर एका बाजूने चपटे होऊ नयेत म्हणून कारखान्यातून निघताना त्यांत हवा ठासून भरलेली असते. गाडी पोचली की ती कमी करायची असते. करायचे राहून गेले तर गाडीतला दिवा सांगत नाही. तो हवा कमी झाली की पेटतो, जास्त झाली तर गप्प बसतो. म्हणून तर मोजायचे असते.

चारही ठीक.

संध्याकाळी घरी बायकोने दारातच विचारले, “कुणाशी भांडलात?”

“कुणाशी नाही.”

“मग चेहरा का असा?”

“माझंच म्हणणं मान्य झालं आज. सगळ्यांना.”

“अहो, तुमचं म्हणणं मान्य झाल्यावर तुम्ही आठ दिवस घर डोक्यावर घेता. काय झालं ते सांगा.” तिने त्यांच्या शर्टाची बटणे काढायला सुरुवात केली. दीड वर्षापासून सकाळी लावायचे आणि संध्याकाळी काढायचे काम तिचे होते. पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, नवऱ्याचे लाड पहिल्यापासून करायला हवे होते, आता सवय नाही. आता दोघेही त्यावर काही बोलत नसत.

मास्तरांनी सांगितले. टोपीचे, तक्त्याचे, कार्डाचे. संपादकने रेघ मारली तेही.

बायकोचे हात शेवटच्या बटणावर थांबले. “म्हणजे पोरीचं बरोबर होतं.”

“पूर्ण बरोबर.”

“आणि तुमच्यामुळे तिला वाटतंय की आपलेच हात बिघडले.”

“हो.”

“सांगा मग उद्या.”

“सांगितलं की संपलं गं.”

“ते संपलेलंच आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज कठोर नव्हता. “डॉक्टरांनी त्या दिवशी मला बाहेर बोलावून पुन्हा तेच सांगितलं. तुम्ही मला म्हणालात, बघू. मी म्हटलं, बघा. आता बघून झालं ना?”

गाड्या दुसऱ्या दिवशी दुपारी परत जाणार होत्या. मास्तरांनी सकाळी संपादकला फोन केला, इटालियन घेऊन टाकीपाशी ये, फक्त तू. ती आली तेव्हा ते हवा मोजायचे यंत्र मांडीवर घेऊन कठड्यावर बसले होते.

“काय झालं मास्तर? लेख पानावर लागलाय.”

“पुढच्या चाकाची हवा मोज.”

“काल तुम्ही मोजली ना.”

“मोज.”

तिने उकिडवे बसून टोपी फिरवली. दोन वेढ्यांत निघाली. यंत्र लावले. काटा पाहिला, यंत्र काढले, पुन्हा लावले. “पन्नास,” ती म्हणाली. “पन्नास कशी? तेहतीस हवी.” दुसरे चाक पाहिले. पन्नास. तिसरे, चौथे. मग ती उठून उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. “म्हणजे मी चुकले नव्हते! ही खरंच बिथरलेली होती! मास्तर, मी म्हटलं नव्हतं, लाथ…” आणि तिथेच ती थांबली. “पण तुम्ही ‘चारही ठीक’ लिहिलंत.”

“टोपी निघाली नाही मला.”

“मग सांगायचं ना, मी काढली असती.”

मास्तर आपल्या बोटांकडे बघत राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिले. मग तिच्या मनात एकेक गोष्ट जोडली जात गेली, ती मास्तरांना दिसली. ती नेहमी अशीच शिकायची, आधी गप्प, मग एकदम.

“आणि ठिगळ?” तिने हळू विचारले. “दोन कडा?”

“आधी हवा काढ,” मास्तर म्हणाले. “मग सांगतो.”

तिने एकेका टायरची हवा सोडली. चार वेळा तो लांब फुस्स आवाज झाला. टोप्या तिने मास्तरांच्या हातात दिल्या. “गरम झाल्यावर परत मोजायचंय. ठेवा तुमच्याकडे.” मास्तरांनी त्या पँटच्या खिशात टाकल्या.

आधी तिने चालवली, मास्तर शेजारी. काल जी गाडी सरळ रस्त्यावरही स्वस्थ नव्हती ती आज रस्त्याला धरून चालली होती. स्टिअरिंगच्या चाकामागचे धातूचे लांब पट्टे बोटाने ओढत ती गिअर बदलत होती आणि इंजिनाचा सूर प्रत्येक वेळी एक पायरी चढत होता. सातव्या वळणावर तिने श्वास रोखला. ठिगळ आले. “एक,” ती म्हणाली, आणि लगेच, “दोन.” वर खाणीपाशी तिने गाडी उभी केली. डोळ्यांत पाणी होते तिच्या. “बोलतं हो, मास्तर. तुम्ही लिहिलं होतंत ते शब्दाला शब्द खरं आहे. दुसरी कड तर असं वाटलं की रस्त्यावर आपणच बोट ठेवलंय.”

“आता मी,” मास्तर म्हणाले.

त्यांनी जागा बदलली. ते सावकाश उतरले, वळले, पुन्हा चढले. सातवे वळण वरून आले, मग खालून आले. तिसऱ्यांदाही त्यांनी गाडी नेली, कारण एखाद्या वेळी, कोपऱ्यात कुठेतरी, एखादी नस राहिली असेल असे माणसाला वाटते. पन्नासची हवा आणि तेहतीसची हवा. लाथ आणि बोलणे. दोन्हींत त्यांच्या हातांना कणभरही फरक नव्हता.

टाकीपाशी येऊन त्यांनी गाडी बंद केली. तिने सवयीने दोन कार्डे काढली. स्वतःच्या कार्डावर लिहिले, उलटे ठेवले. मास्तरांनी पेन हातात धरले, बोटांकडे बघत, सुटू नये म्हणून. मग कार्ड तसेच उलटे ठेवले.

तिने उलटले. कार्ड कोरे होते.

“कधीपासून?” तिने विचारले.

“दीड वर्ष.”

“दीड वर्षात अकरा तुलना केल्या आपण.”

“हो.”

“त्यातले तुमचे शब्द?”

“आधीच्या गाड्या आठवत होत्या. इंजिनाचा आवाज ऐकायचो. तुझा चेहरा बघायचो, तू उतरलीस की. त्यावरून लिहायचो.” ते थोडे थांबले. “काल तुझा चेहरा नाही बघितला. ही गाडी मला पाठ होती ना.”

तिने दोन्ही कार्डे गोळा करून वहीत ठेवली. रागवेल असे मास्तरांना वाटले होते. रागावली असती तर बरे झाले असते. “मी चालवीन,” ती अखेर म्हणाली. “तुम्ही शेजारी बसा. मी सांगीन काय वाटतं ते, तुम्ही शब्द द्या. तुमच्यासारखा शब्द कुणाला सुचतो?”

“मग तो कुणाचा शब्द?”

“आपला.”

“बाळ,” मास्तर म्हणाले, “दुसऱ्याच्या हाताचं आपण लिहायचं नाही, हे मी तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं. आणि काल तू माझ्या हाताचं लिहिलंस. ही एवढी शिकवणी फुकट गेली बघ माझी.” त्यांना हे विनोदाने म्हणायचे होते. ते तसे निघाले नाही.

तिने वही उघडली, गाडीच्या लांब नाकावर ठेवली आणि इटालियनचा रकाना नव्याने लिहायला घेतला. स्टिअरिंगला तिने दहा दिले. असे दहा त्या मासिकात आजवर दोनदाच दिले गेले होते. “आता कशी आली?” मास्तरांनी विचारले, कारण निदान गाडीला तरी न्याय मिळावा असे त्यांना वाटत होते.

ती बेरीज करत राहिली. डिकीचे तोंड अरुंद, तिथे गुण गेले. मागची सीट, फोटोवाल्याचे गुडघे. पडदा जर्मन गाड्यांच्या पुढे जुनाट. खडबडीत रस्त्यावरचा आवाज. “तिसरीच,” ती म्हणाली. “दोन गुणांनी. सोफा पहिली, ऑफिसर दुसरी.”

“दहा देऊनही?”

“स्टिअरिंगचे दहा शंभरातले दहाच असतात, मास्तर. हे तुम्हीच ठरवलं होतं.”

“हो,” ते म्हणाले. “मीच.”

गाड्या परत नेणारा ट्रक वळणावरून आला आणि टाकीपाशी येऊन उभा राहिला. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली. “झालं का साहेब? अजून दोन ठिकाणं आहेत मला.”

“दोन मिनिटं,” संपादक म्हणाली. तिने परीक्षकांच्या नावांचा कागद काढला. सर्वांत वर मास्तरांचे नाव छापलेले होते. तिने पेन हातात घेतले आणि तशीच उभी राहिली. मास्तरांनी ते पेन तिच्या हातून घेतले, मुठीत धरले, लहान मूल धरते तसे, आणि आपल्या नावावर रेघ मारली. रेघ वाकडी गेली, खालच्या फोटोवाल्याच्या नावालाही थोडी लागली.

“त्याला सांग, त्याचं नाव नाही खोडलं म्हणावं,” ते म्हणाले.

“मागच्या अकरा अंकांचं मला वाचकांना सांगावं लागेल,” ती म्हणाली.

“सांगावंच लागेल.”

“नावासकट.”

“नाव नसेल तर त्यांना कोणता शब्द टाकून द्यायचा ते कसं कळणार?”

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. संपादक खाली बसली, चारही चाकांची हवा शेवटची मोजली आणि हात मागे केला. “टोप्या द्या.”

मास्तरांनी खिशात हात घातला. मुठीत जे येईल ते बाहेर काढून बघायचे, असे करत त्यांनी तीन टोप्या काढल्या. तिने एकेक लावली. मग चौथ्या चाकापाशी बसून तिने पुन्हा हात पुढे केला.

“आहे,” मास्तर म्हणाले. “खिशातच आहे.”

त्यांचा हात खिशात फिरत होता. किल्ल्या होत्या, रुमाल होता, औषधाची पट्टी होती, आणि सगळे एकच होते. ते मूठ बाहेर काढून उघडून बघत, पुन्हा आत घालत. ट्रकचे इंजिन चालू होते. ती चाकाशी उकिडवी बसून राहिली, हात तसाच पुढे पसरून, आणि घाई करा असे एकदाही म्हणाली नाही.